हातचं राखून

सकाळी सहाला सुगीच्या झाडांखाली
अजून रात्रच उरलेली असते.
शिकोकूचा हा उतार उन्हाला शेवटी आठवतो.
मी करवतीला हात लावत नाही. आधी शेगडी पेटवते
आणि नव्या पोराला, रित्सूला, म्हणते, हात शेक.
तो हसतो. एकवीस वर्षांचा आहे.
थंडी त्याला अजून फक्त नाकाला लागते.

बाबांची करवत केशरी होती, गावातली पहिली.
दोन माणसांची कुऱ्हाड दिवसभरात पाडेल
तेवढं ते न्याहारीआधी पाडत.
घरी आले तरी हात थांबायचे नाहीत,
वाडग्याच्या काठावर काड्या टकटकत राहायच्या.
आई म्हणायची, यंत्र बंद करून जेवायला बसा.

सहाव्या हिवाळ्यात मोटारसायकलवरून उतरून
त्यांनी हातमोजा काढला.
मधली दोन बोटं दुसऱ्या पेरापर्यंत पांढरी,
जणू कुणी मेण ओतून घडवलेली.
मी सात वर्षांची. नखाने टोचून पाहिलं.
कळतंय का, बाबा?
ते म्हणाले, टोच ना.
मी कधीच टोचलं होतं.

डॉक्टरने विचारलं, दिवसाचे किती तास?
बाबा ताठ बसले. म्हणाले,
हातचं राखून काम केलेलं नाही मी कधी.
हीच त्यांची दुसऱ्यांसाठीची शिवी होती.
आणि मला बेरजा शिकवताना हाच माणूस
पेन्सिल आपटून ओरडायचा,
हातचा विसरलीस! हातचा!

रित्सू, आवळू नकोस.
घाबरलेला माणूस मूठ आवळतो
आणि आवळलेल्या मुठीतून थरथर
सरळ कोपरापर्यंत चढते.
कोंबडी धरतात तशी धर,
निसटू नये, पण तिचा जीवही गुदमरू नये.
मनगट वाकडं नको.
वजन करवतीचं आहे ना, मग तिलाच कापू दे,
तू फक्त सोबत राहा.
ढकलावं लागतंय? भुगा पिठासारखा पडतोय?
मग साखळी बोथट झाली. कानस काढ.
मुठीचं रबर चिरलं असेल तर आजच सांग,
त्याचे पैसे कुरामोतो-सानकडून मी आणते,
तुझ्या बोटांचे पैसे आणता येत नाहीत.

कमरेला हे टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ,
स्वयंपाकघरातलं. वाजलं की थांबायचं.
नाही रे, अर्ध्या कापलेल्या झाडाखाली नाही!
ते आधी पाड. मग थांब.
फांद्या ओढ, पाचर ठोक, लघवीला जा,
काहीही कर, पण सिगारेट नको,
तिनेही बोटांतलं रक्त आटतं.
आणि मुंग्या आल्या तर मला सांग.
लाजू नकोस. बाबा लाजले होते,
पूर्ण दोन हिवाळे.

दुपारी डबा खाताना तो हळूच म्हणाला,
कुरामोतो-सान म्हणतात, तुम्ही
हातचं राखून काम करता.

हो, म्हटलं. राखते.
हा एक. हा दुसरा.

संध्याकाळी बाबा ओट्यावर वाट बघत असतात.
त्यांच्या सदऱ्यांची बटणं मी केव्हाच काढली,
आता वेल्क्रो आहे. उघडताना चर्र आवाज होतो
आणि दर वेळी ते दचकतात.
आज किती?
अकरा.
अकरा! ते नाक मुरडतात,
अकरा तर मी...
आणि तिथेच थांबतात.

मग माझा हात ओढून घेतात,
एकेक नख दाबतात, सोडतात,
गुलाबी रंग परत यायला किती लागतं ते मोजतात.
माझं बोट त्यांच्या बोटांना लागत नाही,
म्हणून डोळे अगदी जवळ आणतात.
एक, दोन, आला.
एक, दोन, आला.
करंगळीपाशी आकडा चुकतो,
आणि ते पुन्हा पहिल्या नखापासून सुरू करतात.